थेटबाई

‘शिक्का उशाखाली घेऊन झोपते ती,’ चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. मी पंचायतीच्या पायरीवर चपला काढत होते. सरपंच काकी आत खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असणार. त्यांनी मान वर केली नाही. शिक्का फडक्याने पुसला आणि पिशवीत ठेवला.

गावाने त्यांना थेटबाई असं नाव पाडलं होतं. पूर्वी सदस्य आपापसांत सरपंच ठरवत, या वेळी सगळ्या गावाने मत देऊन थेट निवडला. सदस्य बहुतेक समोरच्या पॅनेलचे आणि सरपंच मात्र ही रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून लग्न होऊन आलेली, सातवी शिकलेली भातवाल्या घरातली सून. उपसरपंच सभेत म्हणाले, ‘वहिनी, सगळे हो म्हणतात तर तुम्हीपण म्हना की.’ काकी म्हणाल्या, ‘मला तुमी नाय बसवली, गावान् बसवली. उठवायची तर गावच उठवील.’ पुढे ते खरं झालं.

मी मास्तरांची मुलगी, पेणच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. पंचायतीत इंग्रजी कागद आला की काकी मला बोलावून घेत. मी पुटपुटत वाचायची आणि त्यांचं बोट माझ्याबरोबर ओळीवरून सरकायचं, इंग्रजी अक्षर कळत नसलं तरी. ‘मोठ्यान् वाच गो. कागुद त्यांचा, गाव आपला. तू कुनाला भितंस?’ मी शेवटच्या परिच्छेदावर घाई केली की बोट तिथेच रोवून म्हणायच्या, ‘ह्यो बारीक पन वाच. देतात ते मोठ्या अक्षरात लिवतात, घेतात ते बारीक.’ वाचून झालं की चहा. एकदा चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, ‘शाळेत इंग्लिशमदी तरी मोठ्यान् बोलायचीस का गो?’ मी नाही म्हटल्यावर इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला.

त्या वर्षी येणारे कागद एकाच पार्टीचे होते. बाहेरून आलेल्या या कंपनीला खाडीकाठी गोदामं बांधायची होती आणि त्यासाठी बांधाला लागून भराव टाकायचा होता. नेमका तिथेच आमच्या बांधातला लाकडी दरवाजा आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला तो बंद होतो आणि खारं पाणी बाहेर राहतं; ओहोटीला उघडतो आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. काकी ओहोटीची वेळ बघून तिथे जाऊन यायच्या. एकदा मलाही नेलं. ‘हितं माती पडली तर पानी जाईल कुठं, सांग. आपल्या भातात बसंल.’ पंचायतीचा ना-हरकत दाखला त्यांनी अडवून धरला होता.

मग गाव हळूहळू गप्प झालं. ग्रामसेवक त्यांचा फोन उचलेनात. वळणावर एक पांढरी गाडी काचा वर करून उभी राहू लागली. ती कुणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं कुणीच विचारत नव्हतं. भादव्यात मोठ्या भरतीला उघाडीची एक फळी कुणीतरी काढून ठेवली. सकाळी काकींच्या शेतात खारं पाणी होतं. आठ दिवसांत भात तांबडं पडलं. त्या सकाळी बांधावर बरीच माणसं जमली, पण फळी कुणी काढली हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघाला नाही. काकी चिखलातून पाय ओढत वर आल्या आणि म्हणाल्या, ‘आज पान्याला वाट माज्या शेतातनं काढली. भराव पडल्यावर पानी कुनाचं नाव इचारनार नाय.’

दिवाळीनंतर त्यांचा भाऊ वारला आणि तेराव्यापर्यंत त्या अष्टमीला माहेरी राहिल्या. त्याच दिवसांत उपसरपंचांनी ग्रामसभा बोलावली. आमच्याकडे सभेला माणसं येत नाहीत, म्हणून हजेरीचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. लोक हात पुसत बाहेर येतात आणि सही करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी रोह्याच्या कॉलेजातून गाडीने जिते स्टेशनला उतरून घरी आले, तर पंचायतीचे शिपाईकाका ओटीवर बसलेले. ‘कर गो सही, पाय दुखायला लागले फिरून.’ पानाचा वरचा अर्धा भाग कोरा होता. कसली सभा, काय ठरलं, हे विचारण्यापेक्षा सही करणं मला सोपं वाटलं. लाजऱ्या माणसाला ते नेहमीच सोपं वाटतं.

काकी परत आल्या तेव्हा कोरी जागा भरलेली होती. भरावाला गावाची हरकत नाही, ठराव एकमताने मंजूर. त्यांनी नक्कल मागवली आणि नेहमीसारखं मला वाचायला बसवलं. बोट नावांवरून खाली सरकत होतं. बाकी सह्या मराठीत, काही अंगठे. इंग्रजी सही एकच होती. बोट तिथे थांबलं.

‘झ्याक सही हाय,’ त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून ठेवला. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्याजवळ काढला नाही. मला रागवल्या असत्या तर बरं झालं असतं.

सभा न होताच ठराव लिहिला अशी त्यांनी तक्रार केली आणि पेणला पंचायत समितीत सुनावणी लागली. तिचं पुढे फारसं काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्षभरात सदस्यांनी अविश्वास आणला, ग्रामसभेत चिठ्ठ्या टाकून मतदान झालं आणि गावानेच त्यांना उतरवलं. आता त्या अष्टमीला राहतात. भराव उघाडीच्या तोंडापर्यंत आला आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओटीच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं.

पण ती दुपार मला अजून दिसते. साहेब टेबलामागे, उपसरपंच आणि त्यांची माणसं मागच्या बाकांवर, काकी एकट्या पुढे. मी कागद वाचायला म्हणून त्यांच्याबरोबर आले होते, दाराशी उभी होते. साहेबांनी विचारलं, ‘सभा झालीच नाही म्हणता, तर तसं सांगणारा गावातला एक तरी माणूस आहे का?’

काकींना माझी सही माहीत होती. त्यांनी फक्त मागे वळून बघायचं होतं. त्या वळल्या नाहीत; खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, मी तिथे नाहीच अशा. मला वाचवत होत्या हे मला कळलं आणि माझे पाय पुढे गेले.

‘मास्तरांची ना तू?’ उपसरपंच मागून हळूच म्हणाले. ‘घरी इचारून आलीस का?’

मी साहेबांपुढच्या रजिस्टरवर बोट ठेवलं. आवाज माझ्याच कानांना मोठा वाटला.

‘ही सही माझी आहे. मी सभेला नव्हते, त्या वेळी मी रोह्याला होते. संध्याकाळी घरी सही केली, तेव्हा वर काहीच लिहिलेलं नव्हतं.’