झाकणाबाहेरची गाडी

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि हे वेडंवाकडं अक्षर, दोन्हीबद्दल आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते वाणसामान आणि पोळ्यांच्या ऑर्डरी, एवढंच. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण ती गाडी आठवली की अजून उठून हात धुवावेसे वाटतात, आणि चारचौघांत बोलून दाखवायची मला सवय नाही. म्हणून इथे लिहून टाकते.

आम्ही वेम्बलीत राहायचो. हे बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या मनात मोटरहोम भरलं. चाकांवरचं घर, आत ओटा, आत पलंग, आत संडास. खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं होतं. परक्या ठिकाणी मला फार अवघडल्यासारखं होतं. हॉटेलात सकाळी सगळ्या गोऱ्या लोकांत बसून टोस्ट खायचा म्हटलं की घास उतरत नाही. आपली कणीक, आपली कढई बरोबर असेल तर मीही समुद्र बघायला गेले असते.

नवीन मोटरहोम घेण्याची ऐपत नव्हती. जुन्यालाही ह्यांच्याकडे पैसे पुरेसे नव्हते, कारण रिटायर होताना आलेल्या रकमेतून घराचं कर्ज फेडलं होतं. माझ्याकडे पोळ्यांचे पैसे होते. कितीतरी वर्षं मी घरी पोळ्या, चकल्या करून दिल्या, आणि ते पैसे माझ्या नावावर वेगळे ठेवले होते. त्या पैशांनी मला सातारला धाकट्या बहिणीकडे निवांत दोन-तीन महिने राहून यायचं होतं. हे म्हणाले, "तू दे आत्ता. मी देतो परत." मी दिले.

मग प्रश्न आला, गाडी बघायला जायचं किती लांब? मुलगी लॅपटॉपवर जाहिराती काढायची. ती इथेच जन्मलेली. "बाबा, हा व्हॅन बघा, सो चीप! इन्व्हर्नेसला आहे."

"इन्व्हर्नेस म्हणजे पार स्कॉटलंड," हे म्हणाले. "तिथून येईपर्यंत माझंच इंजिन बसेल."

शेवटी ह्यांनी भिंतीवरचा ब्रिटनचा मोठा नकाशा काढून टेबलावर पसरला, माझ्या पोळ्यांच्या डब्याचं झाकण वेम्बलीवर ठेवलं आणि भोवती पेन्सिल फिरवली. झाकणाच्या बाहेर जायचं नाही, असं ठरलं. मला ते पटलं. जवळ गेलं तर नाही म्हणून परत येता येतं. लांब गेलं की माणसाला रिकाम्या हाताने यायची लाज वाटते.

झाकणाच्या आतली पहिली गाडी इल्फर्डला होती. ज्युबिली लाइनने स्ट्रॅटफर्ड, तिथून पुढे ट्रेन. मालक दारातच सिगरेट ओढत उभा. आत पाय टाकला आणि मी स्कार्फ नाकाला लावला. गाद्यांवर कुत्र्याचे केस असे बसले होते की गाद्याच केसाळ वाटाव्यात. सिंकमध्ये सिगरेटची राख, आणि त्या राखेत अर्धा खाल्लेला सॉसेज. मी ह्यांच्या कोटाची बाही ओढली. हे म्हणाले, "थँक यू, वुई विल थिंक." दुपारच्या जेवणाला आम्ही घरी होतो. वरण गरम केलं, जेवलो, विषय संपला.

पुढच्या दोन गाड्याही तशाच निघाल्या. एकीत उंदराच्या लेंड्या होत्या. दुसरीबद्दल लिहीत नाही.

मग संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ह्यांना एक डॉक्टर भेटले. आपलेच, पुण्याकडचे, साउथहॅम्प्टनला मोठ्या हॉस्पिटलात होते. आता गुडघे धरले म्हणून मोटरहोम विकायचं होतं. हे घरी आले ते उड्या मारतच. "आपल्या माणसाची गाडी! कुत्रं नाही, मांजर नाही, सिगरेट नाही."

मी नकाशाकडे बोट केलं. साउथहॅम्प्टन रेघेच्या दोन बोटं बाहेर होतं. ह्यांनी झाकण उचललं, थेट साउथहॅम्प्टनवर ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, आलं आत."

"आणि मग वेम्बली बाहेर गेलं," मुलगी म्हणाली.

"तू गप गं."

वॉटर्लू स्टेशनला तिकिटाच्या खिडकीवर ह्यांनी नुसती जायची, दोन सिंगल तिकिटं मागितली. मी हळूच म्हटलं, "अहो, रिटर्न घ्या ना." खिडकीतला माणूसही म्हणाला की रिटर्नला थोडेच जास्त पडतील. हे हसले. "येताना आपल्या गाडीतून येणार. कशाला वाया घालवायचे?" पैशांचं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स कोटाच्या आत. पूर्ण प्रवासभर मी त्यावर हात ठेवून बसले होते.

डॉक्टरांचं घर बघून डोळे निवले. दारात रांगोळीचा स्टिकर, देव्हाऱ्यात घासलेली समई, कार्पेटवर एक धागासुद्धा नाही. गाडी घराच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी. डॉक्टर ह्यांना घेऊन तिकडे गेले. मीही निघाले, तर बाईंनी माझा हात धरला.

"अहो वहिनी, तुम्ही कुठे त्या थंडीत? पुरुषांचं चालू दे. या, आपण पानं घेऊ."

"एकदा आतून बघितलं असतं…"

"त्यात काय बघायचंय! आम्ही दोघंच तर वापरायचो. आपण काय ह्या लोकांसारखे कुत्री घेऊन झोपतो थोडेच? आपल्यात स्वच्छता असते."

मला ते अगदी खरं वाटलं. मी पापड तळायला लागले. बाहेरून इंजिनाचा आवाज आला. ह्यांना इंजिन म्हणजे देव. बॉनेट उघडून, कान लावून, चाकाखाली झोपून त्यांनी सगळं तपासलं. मागचं दार उघडून आत डोकावले, ते उंबऱ्यावरूनच. आत येऊन म्हणाले, "इंजिन फर्स्ट क्लास आहे, डॉक्टरसाहेब."

जेवण उत्तम होतं. वरण-भात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. डॉक्टरांनी ह्यांना आग्रह करकरून वाढलं. "मंडळात तुमच्या मिसेसच्या पोळ्या खाल्ल्यात. आज आमची पाळी." मग बाईंनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. इथे किती वर्षांत कोणी माझी ओटी भरली नव्हती, आणि तीही डॉक्टरीणबाईंनी. माझ्या पदरात नारळ होता, तेव्हाच ह्यांनी खुणावलं. मी पर्स उघडली आणि पाकीट दिलं. कमी करा, असं एका शब्दाने कोणी म्हटलं नाही. श्रीखंड खाल्लेल्या तोंडाने कसं म्हणणार?

गाडी निघाली, बाईंनी हात हलवला, आणि हीटर लागल्याबरोबर वास सुरू झाला.

पहिल्यांदा ओल्या फडक्याचा. मग त्याच्या खालून दुसरा वास, गोडसर, कुजल्यासारखा. मोटरवेवर मी काच खाली केली. हे म्हणाले, "बंद होती ना बरेच दिवस." सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्याला, थांबलो तेव्हा मी चहा करते म्हणून मागे गेले. माझ्या नव्या ओट्यावरचा पहिला चहा.

फ्रीज उघडला. आत हिरवी-काळी लव, इतकी दाट की हात फिरवावा. मागच्या उन्हाळ्यातलं दही डब्यात तसंच. ग्रिलचा ट्रे ओढला तर बोटभर जाड चरबी, पिवळी, आणि तिच्यात रुतलेले मांसाचे तुकडे. देव्हाऱ्यातल्या त्या समईची मला आठवण झाली. सिंकच्या भोकातून केसांची शेपटी वर आलेली. मी कार्पेटवर पाऊल टाकलं की चप्पलभोवती पाणी यायचं.

आणि मग संडास. ह्या गाड्यांत खाली एक पेटी असते, ती बाहेर काढून आपल्या हाताने रिकामी करायची असते. ती कोणी केलीच नव्हती. शेवटच्या सहलीचं सगळं आत तसंच भरलेलं होतं, आणि वळणावळणावर थोडं थोडं बाहेर येत होतं. माझ्या ओटीचा नारळ सीटवरून घरंगळून त्या ओलीत जाऊन पडला होता.

मी दारातून वाकून ओकले. सगळं श्रीखंड बाहेर पडलं.

"परत फिरवा गाडी," मी म्हटलं.

"काय बोलतेस? त्यांच्या घरी जेवलोय आपण. तुझी ओटी भरली त्यांनी."

"म्हणून त्यांची घाण मी न्यायची?"

"धुतलं की जातं. इंजिन बघ कसं आहे!"

रिटर्न तिकीट असतं तर मी एकटी ट्रेनने गेले असते, इतका राग आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून तो नारळ उचलला आणि सर्व्हिसेसच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. कुंकू लावलेला नारळ असा टाकताना अंगावर काटा आला. घरापर्यंत खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "निदान फोन तरी करा." ह्यांनी केला. मी शेजारी उभी होते. हे म्हणाले, "हो हो, सुखरूप पोचलो. श्रीखंड फारच छान होतं, वहिनींना सांगा." आणि फोन ठेवला. मला त्या क्षणी गाडीपेक्षा ह्यांचीच जास्त शिसारी आली.

पेटी ह्यांनी रिकामी केली, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. बाकी सगळं मी केलं. हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून, कढत पाणी ओतून. कार्पेट उचललं तर खालची लाकडी जमीन बिस्किटासारखी मऊ झालेली. ह्यांनी भिंतीला बोट लावलं, ते आरपार गेलं. गॅरेजच्या जुन्या दोस्ताने बघून सांगितलं की हे नीट करायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त लागतील. नुसतं इंजिन चांगलं होतं.

गाडी आमच्या दाराशी उभी राहिली. घासूनही वास गेला नाही. शेजारची बाई येता-जाता नाक मुरडायची. माझ्या हातांनाही तो वास आहे असं वाटून मी कणीक मळण्याआधी दोनदोनदा हात धुवायची. ऑर्डरी घेणंच नकोसं झालं.

एका सकाळी मी म्हटलं, "माझे पैसे परत द्या."

"अगं, घरातलेच पैसे. तुझे काय नि माझे काय?"

"असं कसं? मग गाडी माझ्या नावावर करा."

हे मोठ्याने हसले. मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी फॉर्म भरता येत नाही. गंमत म्हणून त्यांनी लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही केली. मुलीने फॉर्म भरला, मी खाली माझं नाव गिरवलं. माझ्या नावाची कागदपत्रं पोस्टाने घरी आली, तेव्हा मी मुलीला जाहिरात द्यायला सांगितली.

"ओल आहे, असं लिही. जमीन सडलीय लिही. संडासाला वास आहे लिही."

"आई! असा जाहिरात कोण देतो? नोबडी विल कम."

"येईल त्याला सांग, परतीचं तिकीट काढूनच ये."

ती पोट धरून हसली, पण लिहिलं.

लीड्सकडचा एक सुतार आला. दारातच त्याने रिटर्न तिकीट वर धरून दाखवलं आणि हसला. हे लगेच चहा ठेवायला उठले. मी म्हटलं, "बसा. चहा नंतर." मी स्वतः पुढे झाले. त्याच्याशी बोलायला मला इंग्रजी शब्द सापडत नव्हते, म्हणून नुसती दारं उघडत गेले. आधी संडास. मग जमीन. मग भिंतीतलं बोटाचं भोक. त्याने सगळीकडे हात लावला, वाकून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि एक आकडा सांगितला. मी दिलेल्या पैशांच्या निम्माच होता. आत सगळं नवीन बसवणार होता तो, त्याला इंजिन हवं होतं. मी मान हलवली. पैसे हातात आल्यावर त्याला चहा दिला आणि दोन चकल्याही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. "आणि उरलेले?"

त्यांनी सुताराचा रिकामा कप उचलला. मग म्हणाले, "देतो." ह्यावेळी हसले नाहीत.

ते शाळेची मिनीबस चालवायला लागले. दर शुक्रवारी माझ्यापुढे नोटा ठेवायचे. पहिल्या वेळी मला वाटलं, राहू दे म्हणावं, म्हातारपणी कशाला. मग ती फ्रीजमधली लव आठवली आणि मी नोटा उचलल्या.

गणपतीत मंडळात डॉक्टरीणबाई भेटल्या. अंगावर पैठणी, तेच हसू. "काय वहिनी, कुठे कुठे फिरलात मग?"

मी ताटाकडे बघत होते. माझा आवाज नेहमीच लहान, तसाच होता. "कुठे नाही. तुमचा संडास साफ करत होतो."

बाकी कोणी ऐकलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी ऐकलं. घास तोंडाशी नेलेला हात तसाच थांबला, आणि मग त्या कोणालातरी हाक मारत दुसरीकडे गेल्या. घरी येताना ट्रेनमध्ये हे म्हणाले, "असं बोलायला नको होतंस." थोड्या वेळाने म्हणाले, "पण बरं झालं."

पुढल्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागायच्या शुक्रवारी, हे मिनीबस लावून आले. मी पोळ्या लाटत होते. हात धुऊन त्यांनी ओट्यावर शेवटच्या नोटा ठेवल्या, पिठापासून जरा दूर. "झाले?" त्यांनी विचारलं.

मी पदराला हात पुसून मोजल्या. "झाले," मी म्हटलं. पै न पै फिटली होती.