दाजींच्या जीपचे पाटे

दाजी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या गाडीच्या टायरकडे. वस्तीवर कोणी आले की ते उठून चाकाजवळ जात, टायरला चपलेचे टोक मारत आणि मगच पाहुण्याला बसा म्हणत, किंवा म्हणत नसत. माझ्या स्कूटरसमोर उभे राहून ते एकदा म्हणाले, "काय वो मेव्हणं, टायर तुमच्या टकलापरीस गुळगुळीत झालाय. पगार मिळतोय का नुसती पुस्तकंच खाताय?" मला टक्कल नव्हते, कपाळ मोठे होते. पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

ते गेले त्याला आता काही महिने झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. दाजींनी हा नियम जन्मात पाळला नाही. सख्ख्या चुलत्याच्या दहाव्याला, पिंड मांडलेले असताना, ते मोठ्याने म्हणाले होते, "लई बांध कोरलं म्हाताऱ्यानं. आता कावळा तरी वेळेवर शिवू दे." अशा माणसाविषयी गोड लिहिले तर तो वरून शिव्या देईल. म्हणून जसे होते तसे लिहितो.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पळसदेवच्या पुढे, उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेला त्यांची वस्ती. मी बारामतीला, कॉलेजच्या ग्रंथालयात. आमचे कधी पटले नाही, आणि पटावे असा प्रयत्न दोघांपैकी कोणीही केला नाही. मी हळू बोलतो याचा त्यांना राग होता. ते जेवतानाही ओरडून बोलत याचा मला. "पुस्तक वाचून माणसाची मान वाकती, अक्कल वाढत न्हाय," हे त्यांचे माझ्या ताटासमोरचे ठरलेले वाक्य. अक्का आतून म्हणायची, "अवं, त्याला जेवू तर द्या." "मी कुठं त्याचा घास धरलाय?" असे म्हणून ते माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकत. ती मला नको असे, हे त्यांना ठाऊक असे.

पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळात ते कलिंगडे आणि काकड्या करत. तो माल सडकेपर्यंत काढायला त्यांच्याकडे एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप होती. गाडीचे वजन आणि धक्के झेलणाऱ्या, चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानींना आमच्याकडे कमानपाटे म्हणतात. आणि आमच्या भागात गाडी घरी आली की लोक आधी तिला एक जादा पाटा घालून घेतात आणि मग हार घालतात. वजन किती पेलते यावर गाडीची इज्जत. दाजींनी दोन जादा पाटे घातले होते. रिकामी जीप वाटेवरून अशी उडे की आतल्या माणसाचे दात वाजत. मी एकदा तक्रार केली. "कलिंगडं कवा बोलली न्हाईत," ते म्हणाले.

मग अक्काच्या पाठीचा मणका दबला. हाडे ठिसूळ झाली होती. दर पंधरवड्याला बारामतीला दाखवायला यावे लागे, आणि डॉक्टरांनी बजावले होते की हिला धक्का बसता कामा नये. पहिल्या खेपेला ती जीपमधून उतरली तेव्हा पदराचे टोक तिच्या दातांत होते. ते चावून चावून फाटले होते. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच दाजींना सांगितले की अक्का आता माझ्याकडे राहील.

"का म्हून?"

"वस्तीवरून इथे येईपर्यंत ती मरेल."

"बाई हाय ती. लायब्ररीतलं पुस्तक न्हाय, तुमी न्यायचं आन तुमच्या कपाटात ठिवायचं."

अक्काला विचारले तर ती खाली बघत म्हणाली, "मला घरी जायचंय रं. हितं खिडकीतनं भित दिसती नुसती." तिचा जीव त्या पाण्याच्या कडेत होता. तरीही मी ठाम राहिलो. शेवटी ठरले ते असे: एक संधी. पुढच्या खेपेला ती अशीच कळवळत आली तर परत जाणार नाही. दाजी तंबाखू थुंकून म्हणाले, "बघू."

त्यांनी जे केले ते आमच्याच भागातला माणूस करील. त्यांनी जीप आणखी भक्कम केली. भंगारातून मोठे, चिखलात पकड घेणाऱ्या उंच गोट्यांचे, बटणाचे टायर आणले आणि इंदापूरला हमीदभाईंच्या दुकानात जाऊन मागे तिसरा जादा पाटा चढवला. हमीदभाईंचा जन्म पाटे ठोकण्यात गेलेला. ते दाजींना म्हणाले म्हणे, "तात्या, माणूस बसवायचाय का ऊस भरायचाय?" दाजींनी त्यांनाही झापले. भक्कम गाडीला धक्का बसत नाही, ही त्यांची साधी समजूत. पुढच्या खेपेला ती जीप दवाखान्यासमोर बैलासारखी उंच उभी राहिली. आत चढायला अक्काला पाट ठेवावा लागला होता, आणि वाटेतले डाळज गाव यायच्या आतच ती किंचाळली होती.

मी तिची पिशवी उचलली आणि रिक्षा बोलावली. दाजी मग रिक्षाचा दांडा धरून म्हणाले, "अजून एकदा." ते मागत नव्हते, धमकावत होते. अक्का मध्ये पडली, "एवढी एक खेप, माझ्यासाठी." त्या पंधरवड्यापुरती ती माझ्याकडे राहिली. रोज खिडकीजवळ बसायची आणि भिंत बघायची.

तिकडे दाजींनी जीप उघडली. नव्या वस्तूंना पैसा नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो घातला नसता. "नवं घ्यायला अक्कल लागत न्हाय, खिसा लागतो," असे ते म्हणत. जादा पाटे तिन्ही उतरवले. उरलेले घासून, मध्ये ग्रीस भरून परत बांधले. टोकांचे झिजलेले रबर बदलले. भंगारात काढलेल्या एका मोटारीचे शॉकअप मिळवून हमीदभाईंकडून त्यांना पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. बटणाचे टायर देऊन त्यांच्या बदल्यात साधे, वापरलेले, मऊ टायर घेतले. असल्या टायरांनी काळ्या मातीत गाडी रुतते, म्हणून वस्तीपासून सडकेपर्यंत उसाचे पाचट अंथरले. आता ती जीप माल उचलू शकत नव्हती. त्या हंगामात कलिंगडे डोक्यावरून सडकेला गेली. गावात हसे झाले. "तात्यांनी गाडीचं मखर केलं," लोक म्हणाले. दाजींनी त्यांच्या सात पिढ्या काढल्या.

खेपेच्या आदल्या रविवारी त्यांचा फोन आला. "या हिकडं. काम हाय." गेलो तर जीपच्या मागच्या बाजूला अक्काची गादी घातलेली.

"झोपा."

"मी?"

"मंग काय म्हशीला झोपवू? तुमची हाडं नाजूक हाईत. तीच मापाला बरी."

मी झोपलो. त्यांनी जीप सोडली. प्रत्येक खड्ड्यानंतर पुढून आवाज येई, "लागलं?" लागले असेल तर मी "हो" म्हणे. ते थांबत, शिवी देत उतरत, टायरमधली थोडी हवा सोडत, कुठला नट आवळत, पाचट सरळ करत आणि पुन्हा त्याच खड्ड्यावरून नेत. "लागलं?" "हो." "मुद्दाम म्हणताय." "नाही." वाटेत शेजारचा एक शेतकरी भेटला. त्याने विचारले, पाव्हण्यांना काय झालंय? दाजी म्हणाले, "काय न्हाय. ह्यो मला पाण्यात बघतो, म्हणून आणलाय. गोड बोलणारा काय उपेगाचा?" ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या वाटेवर होतो. शेवटी एका खड्ड्यानंतर त्यांनी विचारले आणि मी "नाही" म्हणालो. त्यांनी गाडी थांबवली, मागे वळून माझ्याकडे संशयाने पाहिले, आणि खात्रीसाठी तोच खड्डा पुन्हा घेतला.

त्या सोमवारी ते अक्काला माझ्याकडून घेऊन वस्तीवर गेले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात परत घेऊन आले, येण्याजाण्याच्या दोन्ही परीक्षा एकदम. जीप थांबली तेव्हा अक्का झोपलेली होती. दाजींनी मला नुसती मान हलवून आत बघायला सांगितले. हरल्याचा मला आनंद झाला असे म्हणणार नाही. तिला सांभाळायची माझी इच्छा खरी होती आणि ती त्या माणसाने भंगारातल्या लोखंडाने मोडून काढली होती. मी म्हणालो, "जपून न्या." ते म्हणाले, "तुमी सांगाय पायजे व्हय?"

पुढे अक्का तीन उन्हाळे तिथेच राहिली. पाणी उतरले की जुन्या देवळाचा कळस वर येतो, तो तिने ओट्यावर बसून पाहिला, आणि गेली तीही स्वतःच्या घरातच.

तेराव्यानंतर मी निघालो तेव्हा दाजी म्हणाले, "सडकंपर्यंत सोडतो." अंगणात जीप उभी होती, पुन्हा उंच. मी वाकून पाहिले. मागे जादा पाटे चढवलेले होते. तेरा दिवसही धीर धरवला नाही, याचा मला इतका संताप आला की आवाज चढला.

"इतक्या लवकर?"

"मंग? माल कुजवू?"

"दाजी, तिची गादी तरी…"

"गादी काढली." ते स्टिअरिंगकडे बघत होते. "आता कुणाला लागायचंय?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. पाचट केव्हाच मातीत गेले होते. ती वाट त्यांना अशी पाठ होती की डोळे मिटूनही त्यांनी प्रत्येक खड्डा चुकवला असता. त्या दिवशी त्यांनी एकही चुकवला नाही. गाडी वळवून वळवून ते एकेका खड्ड्यात घालत होते, आणि मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसलो होतो. हळू चालवा, असे मीही म्हणालो नाही.