डाव्या खिशातला कॅपो

तात्या गेला ही बातमी मला बिल्डिंगच्या ग्रुपवर कळली. 'दोन नंबरची लिफ्ट दुपारपर्यंत बंद' आणि 'पार्किंगमध्ये पांढरी गाडी आडवी लावणाऱ्याने ताबडतोब खाली यावे' या दोन मेसेजच्या मधोमध नातूरनं, म्हणजे आमच्या वॉचमननं, लिहिलं होतं की १४०२चे जपानी सर झोपेतच गेले. मी गॅससमोर उभा होतो. चहा उतू गेला आणि मी तो जाऊ दिला... दहा मिनिटांत त्या मेसेजखाली हात जोडलेल्यांची अशी रांग लागली, की ती शारजाच्या अल मजाजमधल्या आमच्या टॉवरपासून उभी केली असती तर शेवटचा माणूस अबू धाबीत उन्हात उभा राहिला असता. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा याच ग्रुपवर चार जणांनी हात जोडले होते. त्यातली एक माझी बायको. माणूस गेलाय आणि हा हात मोजत बसलाय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. नऊ वर्षं मी तात्याचा जीव तोडून हेवा केला, ती सवय एका सकाळीत कशी सुटेल?

त्याच्या आधीच्या रविवारी तो लिफ्टमध्ये भेटला होता. एका हातात पालकाची जुडी, दुसऱ्या हातात दह्याचा डबा, आणि पांढरे केस मागे बांधलेले. माझ्या तेराव्या मजल्याचं बटण त्यानंच कोपरानं दाबलं. "कुरुकारुनी-सान," तो म्हणाला. कुलकर्णी हे नाव त्याच्या जिभेवरून कधी सरळ उतरलंच नाही. "सॅटरडे, टी. ब्रिंग गिटार." मी म्हटलं, "इन्शाल्ला." इथं राहणाऱ्यांना ठाऊक आहे, की इन्शाल्ला कधी 'हो' असतं, आणि कधी 'जमायचं नाही, पण तोंडावर कसं सांगू' असतं. माझं दुसऱ्या जातीचं होतं. कारण तात्यासमोर एकटं बसायचं, तर मला एक गोष्ट कबूल करावी लागली असती, आणि ती मी सहा वर्षं लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, त्याच्या दाराबाहेरच्या पायपुसण्यावर उभं राहून गिळत आलो होतो. शनिवार आला. तात्या नव्हता.

तात्या म्हणजे तात्सुओ. तो राहायला आला त्याच आठवड्यात माझ्या बायकोनं, मधुरानं, त्याला तात्या करून टाकलं आणि वर खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या. त्याची कहाणी सांगतो. यातलं थोडं त्यानं सांगितलं, थोडं आमच्या मराठी मंडळातल्या मेल्विननं सांगितलं, आणि उरलेलं मी इतकी वर्षं इतक्या पार्ट्यांत सांगत आलोय की आता ते खरंच झालंय. ओसाकाजवळच्या एका बंदरावर त्याच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. घरात आवाज चालायचा नाही, म्हणून हा मुलगा मासळीच्या कोल्डस्टोरेजमध्ये गिटार घासायचा. तिथं बोटं थांबली तर गोठायची, म्हणून थांबायचीच नाहीत. असा त्याचा हात पळायला लागला. विशीत त्यानं तीन मित्रांना घेऊन बँड काढला. कमरेपर्यंत केस, चट्ट्यापट्ट्यांची विजार, आणि असा आवाज की पहिल्या ओळीतल्या पोरींच्या कानांतले डूल पडायचे. एका मैदानावर त्याचा सोलो सुरू असताना गावातले कुत्रे टेकडीवर पळून गेले आणि तीन दिवस परतले नाहीत म्हणतात. माझा यावर विश्वास नव्हता. पण मग माझ्या मुलीनं, रेवानं, इंटरनेटवरून एक जुना व्हिडिओ शोधून काढला. स्पीकरवरून उडी मारणारा, हवेतच सूर ओढणारा तो सडसडीत पोरगा पाहिला आणि मला त्या कुत्र्यांची बाजू पटली.

तो व्हिडिओ मी चाळीस वेळा तरी पाहिला असेल. संगीतप्रेमानं नव्हे, चूक शोधायला. एकेचाळिसाव्या वेळी सापडली. उडीनंतर खाली येताना एक सूर घसरला होता! मी तसाच उठून वर गेलो आणि त्याला दाखवली. तात्यानं चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं आणि आनंदानं मान हलवली. "येस, येस. एव्हरी नाइट सेम मिस्टेक. पीपल लाइक व्हेरी मच." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

पुढं गायकाशी बिनसलं. गायक एकटा मोठा झाला, बँड फुटला, आणि तात्या दुसऱ्यांच्या गाण्यांत नाव न लागणारी गिटार वाजवत राहिला. मग एका प्रवासी जहाजावर, आणि तिथून दुबईच्या एका हॉटेलात, कितव्या तरी मजल्यावर, स्टेक खाणाऱ्यांच्या पाठीमागे. मेल्विन त्याच हॉटेलात बँक्वेट सांभाळतो. वसईचा आहे, आणि आमच्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतो. त्यानंच तात्याला आमच्या बिल्डिंगमध्ये जागा पाहून दिली. मी एकदा तात्याला विचारलं होतं, एवढी मैदानं गाजवून इथं वाईट नाही वाटत? "इन जपान एव्हरीबडी लुकिंग," तो म्हणाला. "हिअर नोबडी लुकिंग. व्हेरी गुड फॉर फिंगर्स." जुन्या दिवसांतली एकच गोष्ट त्यानं जपली होती. त्या गायकाचा आवाज वर चढायचा नाही, म्हणून बँड गिटार अर्धा सूर खाली लावायचा. गायक गेला, बँड गेला, तीस-पस्तीस वर्षं गेली, तात्याची गिटार अर्धा सूर खालीच राहिली.

आता माझ्याबद्दल. तात्या येईपर्यंत शारजाच्या मराठी जगात गिटार म्हणजे अविनाश कुलकर्णी. दिवसा एसीच्या डक्टची अंदाजपत्रकं करायचो, आणि गणेशोत्सवात गिटारची बॅग खांद्याला लावून स्टेजवर चढायचो. आमच्या शमाताई एक जुनं भावगीत गायच्या, आणि त्याच्या सुरुवातीला अख्खं एक मिनिट नुसती गिटार. अकरा वर्षं ते मिनिट माझं होतं. त्या मिनिटासाठी मी वर्षभर जगायचो म्हटलं तर ती मात्र अतिशयोक्ती नाही. आणि लोकांना सांगायचो, की मी कॅपो वापरत नाही. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. तो लावला की सगळ्या तारा एकदम वरच्या सुरात जातात आणि बोटांना सोप्या जागी वाजवता येतं. "ती कुबडी आहे," मी मंडळातल्या पोरांना दरडावायचो. आणि रोज सकाळी साडेसहाला, बाल्कनीत जाऊन, मागचं दार लोटून, खालच्या खाडीकडे तोंड करून, हळूच कॅपो लावून रियाझ करायचो. बॅगेच्या डाव्या खिशात तो लपवलेला असायचा. मधुरालासुद्धा ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी शमाताई तालमीत म्हणाल्या, "अविनाश, या वर्षी सुरुवात तात्यांना देऊ या का? तू रिदम धर. तुझा रिदम काय छान असतो!" रिदम छान असतो हे वाक्य गिटारवाल्याला कधी ऐकवतात, हे गिटारवाल्यांना विचारा. मेल्विन म्हणाला, "मस्त आयडिया, बॉस!" मी पण म्हणालो, मस्त आयडिया. तात्याला हॉटेलमुळं तालमींना येता यायचं नाही. त्यामुळं निरोप्या कोण? वरच्या-खालच्या मजल्यावरचा शेजारी.

मी वर गेलो. त्यानं दार उघडलं तेव्हा हातात पेन्सिल होती. गाणं त्यानं ऐकून ठेवलं होतं. फक्त शमाताईंची पट्टी हवी होती. शमाताई गातात पांढरी पाचमध्ये, गेली अकरा वर्षं. "काळी तीन," मी म्हणालो. "एफ शार्प." म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली. तोंडातून ते इतकं सहज गेलं की मलाच आश्चर्य वाटलं. तात्यानं ते वहीत टिपलं, वही मिटली, आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला.  मी तसाच खाली उतरलो. लिफ्टनं नाही, जिन्यानं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलेलं होतं. मोदकांचे डबे, नऊवारीतल्या मावश्या, इंग्रजीत भांडणारी पोरं. पडदा उघडला. शमाताईंच्या टॅबवर तानपुरा सुरू झाला, पांढरी पाच. तात्यानं तारांवर हात ठेवला आणि तो थांबला. त्याची सगळी रचना मोकळ्या तारांवर बेतलेली होती. ती अर्धा सूर वर नेणं म्हणजे भिंती तशाच ठेवून घर उचलणं. मी पाठीमागं रिदम धरून उभा, आणि माझ्या छातीत त्या क्षणी जे काही होत होतं त्यात, देवाशप्पथ, आनंदही होता. आता कळेल, म्हटलं. आता सगळ्यांना कळेल की अकरा वर्षं काय कष्ट होते ते.

तात्या वळला. सावकाश स्टेज ओलांडून माझ्यापाशी आला आणि हात पुढं केला. "कुरुकारुनी-सान. कॅपो, प्लीज."

"आय डोन्ट यूज कॅपो," मी म्हणालो. माइक चालू होता.

तो माझ्या कानाशी वाकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "लेफ्ट पॉकेट."

माझ्या डोक्यावर राहत होता तो! रोज सकाळी साडेसहाला कॅपोच्या स्प्रिंगचा 'टक्' आवाज त्याला ऐकू जात असणार, वरच्या बाल्कनीतून वाकलं तर खिसाही दिसत असणार, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी खाली वाकलो, पायाशी ठेवलेल्या बॅगेचा डावा खिसा उघडला, कॅपो दिला. मेल्विननं ड्रम्सच्या मागून पाहिलं आणि पुढं सहा वर्षं ते विसरला नाही. तात्यानं कॅपो मानेवरच्या पहिल्या घरात लावला, म्हणजे सगळ्या तारा अर्धा सूर वर. टक्. आणि मग ते मिनिट, माझं मिनिट, त्यानं असं वाजवलं की... इथं मी नेहमी म्हणतो की सभागृहातला एसी बंद पडला तरी कोणाला उकडलं नाही. पण खरं सांगायचं तर फार काही झालं नाही. लोक गप्प झाले, एवढंच. अकरा वर्षांत माझ्या वाजवण्यात मोदकांच्या डब्यांची झाकणं वाजायची थांबली नव्हती, ती थांबली.

पहिल्या रांगेत बसलेली बारा वर्षांची रेवा माझ्याकडे बघतच नव्हती. पुढच्या शनिवारपासून ती वर शिकायला जायला लागली. मी घरात गिटारवाला बाप असताना! "मी काय वाईट शिकवतो?" मी विचारलं. "बाबा, यू आर सो जेलस," असं म्हणून ती चपला घालून गेलीसुद्धा. मधुरानं पोरीच्या हाती चिवड्याचं पाकीट दिलं. मला कोणी काही दिलं नाही. तात्यानं मात्र कॅपो परत दिला नाही, आणि कुठल्या तोंडानं मागणार? मी दुसरा घेतला. पट्टीबद्दल तो एका अक्षरानं बोलला नाही. त्याला कळलं होतं का? कळलं नसेल कसं? माझ्याकडे पाहून तो हसायचा तेव्हा मी ते हसू घरी आणून उलटंसुलटं करून तपासायचो. शिव्या दिल्या असत्या तर फिटलं असतं. पण हा दरवेळी आपला, "सॅटरडे, टी."

दोन आठवड्यांपूर्वी त्याची धाकटी बहीण ओसाकाहून आली, फ्लॅट रिकामा करायला. तिनं आम्हाला तिघांना वर बोलावलं. खोलीत जवळजवळ काही नव्हतंच. एक गादी, एक खुर्ची, आणि भिंतीला टेकवलेली गिटार. ती रेवाला द्यायची, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. रेवा रडली. मी गिटारकडे पाहत राहिलो आणि मनात म्हणालो, वा! म्हणजे आता ही माझ्याच घरात येऊन राहणार. मग बहीण मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावर मधुराच्या चिवड्याचं अर्धं पाकीट होतं, तोंड नीट दुमडलेलं, आणि त्या घडीवर चिमट्यासारखा लावलेला माझा कॅपो.

"यू आर कॅपो नेबर?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिचा चेहरा उजळला. तात्या म्हणे दर नवीन वर्षाला फोनवर सगळ्या घराला ती गोष्ट सांगायचा. शारजात त्याचा एक शेजारी आहे, मोठा गिटारिस्ट. गायिकेनं ऐन वेळी पट्टी बदलली. पण शेजाऱ्याला ते आधीच वाटलं होतं, म्हणून त्यानं स्वतःला नको असतानाही तात्यासाठी खिशात कॅपो आणून ठेवला होता. "व्हेरी काइंड मॅन," ती म्हणाली, आणि भावासारखीच कमरेत वाकली.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिच्याकडे भावाची एवढीच एक गोष्ट होती, ती मी कशी मोडू? की हे पुन्हा मी शोधलेलं कारण?... त्याला खरंच तसं वाटत होतं, की सगळं कळून त्यानं ही थाप रचली, हे आता कधीच कळायचं नाही. रचली असेल तर मात्र कमाल झाली. मी आयुष्यभर थापा मारत आलो, पण त्या सगळ्या स्वतःला मोठं करायला. त्यानं एकच मारली, ती माझ्यासाठी. म्हणजे माझ्या हक्काच्या धंद्यातसुद्धा तो माझ्यापुढं निघून गेला.

गिटार आता रेवाच्या खोलीत आहे, अजून अर्धा सूर खालीच. "डोन्ट टच द ट्यूनिंग, बाबा," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळं माझ्यासोबत वाजवायचं तर तिला पहिल्या घरात कॅपो लावावा लागतो. तोच. त्याला अजून चिवड्याच्या हळदीचा पिवळा डाग आहे. गेल्या शनिवारी मी चहा घेऊन तिच्या दारात उभा राहिलो, माझी गिटारही घेऊन. ती त्या भावगीताची सुरुवात वाजवत होती, तात्याची, माझी नव्हे. वाजवता वाजवता थांबली, कॅपो हातात घेतला आणि मान वर न करता विचारलं, "बाबा, शमा आंटीची पट्टी कुठली होती? काळी तीन?"

ते तिला कुठून कळलं? तात्याच्या वहीतून, की तात्याकडून? मी विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवला.

"पांढरी पाच," मी म्हणालो. "काळी तीन मी त्याला खोटं सांगितलं होतं."

रेवानं मान वर केली. मग कॅपो लावला. टक्.

"रिदम धरा," ती म्हणाली.