राबाचा धूर

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही, कंपनीत रोज माझ्याबरोबर एका डब्यातून जेवणाऱ्या माणसाला ठाऊक नाही. कधीतरी बोलू म्हणून ठेवली आणि मग तिची जागाच ठरून गेली – आत. आज लिहायला बसलोय तर हात पुन्हा दुसऱ्याच विषयाकडे वळतोय. पावतीच्या. कारण पावतीवर मी तासभर बोलू शकतो. ऐकलं असेल तुम्ही कदाचित.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. वाडीला त्रास नको म्हणून, असं आधी लिहिलं होतं. खोडलं. नाव लिहिलं तर मी ओळखू येईन, एवढंच खरं कारण आहे. तर त्या वाडीच्या रस्त्यावर आता आडवा बांबू आहे. शेजारी टेबल, छत्री, पावतीपुस्तक. मोटरसायकल उभी करायचे वीस, डोंगर चढायचे माणशी तीस, वर तंबू ठोकायचा तर दोनशे. बरं, पैसे घेता तर पायवाटेचा एक दगड तरी हलवलात का? पाण्याची टाकी? एक कचऱ्याचा डबा? काही नाही. ज्या डोंगरावरून यांच्या आज्या गवताचे भारे घेऊन उतरल्या, त्याच डोंगराचं तिकीट! मी एकदा त्या बांबूपाशी एक मुलगी पाहिली, लग्न होऊन उमरठकडे दिलेली. कडेवर तान्हं बाळ, नवरा मोटरसायकलवर, निघालेली आईकडे. तिच्याकडून पार्किंगचे पैसे घेतले. माहेरी जायचं पार्किंग. हे कुठल्या शास्त्रात बसतं, सांगा मला.

मी भांडलो. बांबूपाशी भांडलो, खालच्या गावच्या वन समितीच्या बैठकीत भांडलो, बिरवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांत रात्रपाळीहून येऊन अर्जांवर अर्ज लिहिले. एका अर्जात तर मी चवदार तळं आणलं. ज्या महाडात पाणी सगळ्यांचं आहे हे सांगायला माणसांना मार खावा लागला, त्याच महाडाच्या कुशीत डोंगर मात्र पावतीवर? वाक्य चांगलं होतं. लोकांनी मोबाईलवर फिरवलं. दर मार्चला तळ्यावर गर्दी होते, तेव्हा मी आता मागच्या गल्लीने जातो. त्या माणसांनी जे उघडपणे, अंगावर घेऊन केलं, ते मी कशाला वापरलं – झाकायला.

काय झाकायला, ते सांगतो. जरा थांबा, सांगतोच.

बांबूशेजारी एक फलक आहे. ‘या क्षेत्रात वणवा लागून नुकसान झाल्याने, वणवा प्रतिबंध व देखरेखीसाठी शुल्क आकारण्यात येत आहे.’ मी लोकांपुढे या फलकाची टिंगल करायचो. म्हणायचो, एकदा कुठे गवत पेटलं तर जन्मभर वसुली? लोक हसायचे. मीही हसायचो. काय माणूस आहे हा, नाही?

सहा-सात वर्षांपूर्वी तिथे बांबू नव्हता. मी तेव्हा सुट्टी मिळाली की एकटाच त्या डोंगरावर जायचो. गाडी लावायची धोंडूकाकांच्या अंगणात. धोंडूकाका म्हणजे वाडीतलं शेवटचं घर. दोन मुलगे मुंबईला, इथे हे आणि काकी, चार तुकडे भाताचे आणि वरच्या हलक्या, वरकस जमिनीत नाचणी. मी पहिल्यांदा गाडी लावली तेव्हा पैसे काढले, तर काकी रागावल्या. म्हणाल्या, अंगणाचं कोण भाडं घेतं का? उतरताना चहा व्हायचा, कधी नाचणीची भाकरी आणि सुकट. पार्किंगवर मी एवढं बोलतो ना – फुकट पार्किंग कसलं असतं, ते मी त्या अंगणात पाहिलं होतं.

काका एकच सांगायचे. वर राहा, पण आग करू नका, गवत वाळलंय. मी म्हणायचो, छे, मी ब्रेड खाऊन राहतो. काडेपेटीसुद्धा नेत नाही.

नेत होतो. दर वेळी. सकाळी तीन दगडांवर चहा केल्याशिवाय मला डोंगर चढल्यासारखं वाटायचंच नाही.

शिमगा होऊन गेलेला. चढावाच्या मध्यावर एक सपाटी आहे, तिथे रात्र काढली, सकाळी चहा केला, निखाऱ्यांवर माती लोटली. पाणी होतं बाटलीत. अर्धी बाटली होती. उतरताना तहान लागेल म्हणून ओतलं नाही. बुटाने माती लोटली, धूर दिसेना, निघालो. त्या अर्ध्या बाटलीचा विचार मी किती वेळा केला असेल? अजून करतो. पण ती चूकच म्हणता येईल. चूक कुणाचीही होते. मी जे कबूल करायला बसलोय ते याच्या पुढचं आहे.

काकांच्या ओट्यावर चहा पीत होतो तेव्हा काकींनी वर बोट केलं. धूर. बघता बघता वरचा सगळा उतार पेटला. वाडीत होती-नव्हती तेवढी माणसं – बहुतेक म्हातारी आणि बाया – ओल्या डहाळ्या घेऊन धावली. मीही धावलो. खरंच झोडपत होतो, हाताला फोड आले. दुपार कलली तेव्हा आग विझली. वरचं सगळं गवत गेलं आणि बाजूच्या उतारावर रचलेल्या दोन घरांच्या पेंढ्याच्या उडव्या गेल्या. त्यातली एक काकांच्या चुलतभावाची.

सगळे खाली वळले तेव्हा मी मागे राहिलो. सपाटीवर गेलो. माझे तीन दगड तिथेच होते आणि जळकं तिथूनच पंख्यासारखं वर आणि आडवं पसरलेलं. खाली मात्र, सपाटीपासून काकांच्या शेतापर्यंत, गवताचा पिवळा पट्टा जसाच्या तसा उभा होता. काडीही जळलेली नव्हती. कुणी तिथे उभं राहून नुसतं पाहिलं असतं तरी कळलं असतं की आग खालून आलेली नाही. मी पाहिलं. मला कळलं. आणि मी तीन दगड उचलून एकेक करून दरीत भिरकावले.

आता राबाचं सांगायला हवं. आमच्याकडे भाताचं नि नाचणीचं रोप करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. तण मरतं, रोप जोमाने येतं. धोंडूकाकांनी त्या दिवशी सकाळी राब भाजला होता. जंगलाच्या कडेच्याच तुकड्यात.

वनखात्याचा गार्ड पोचला तेव्हा उजेड उतरत होता. काकांनीच त्याला आधी सांगितलं – मी सकाळी राब भाजला, पाणी मारून विझवला, मगच घरी आलो. विचारायच्या आधी सांगितलं. त्या माणसाला लपवणं माहीतच नव्हतं. गार्डने मग माझ्याकडे पाहून विचारलं की हे वर राहिले होते, यांनी चूल केली होती का? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले,

“नाय नाय. ते आग नाय करीत. किती वरसं येतात, मला ठाऊक हाय.”

ऐकलंत? माझी हमी त्यांनी दिली. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून दिली. तेव्हा तरी बोलायचं. एवढं सोपं कुणी कुणाला करून देत नाही. पण गार्ड म्हणाला की वाडीतले सगळे एकमेकांच्या नात्यातले, तुम्ही बाहेरचे, शिकलेले, तुमचं कुणाशी देणंघेणं नाही, तुम्ही सांगा धूर कुठून निघाला. आणि मी – कप अजून त्यांच्याच ओट्यावर उपडा होता – मी म्हणालो,

“खालून. शेताच्या बाजूने.”

पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही केली. माझी सही झोकदार आहे. तशीच केली.

काकांवर केस झाली. मुंबईचा मुलगा रजा टाकून येऊन तारखांना उभा राहिला. शेवटी दंड भरून मिटवलं, म्हणजे गुन्हा कबूल केल्यातच जमा. चुलतभाऊ त्या दिवसापासून बोलत नाही, भिंतीला भिंत असून. जंगलकडेचा तो तुकडा काकांनी पुन्हा भाजला नाही, आता तिथे रान माजलंय. मग समितीने वणव्याचं कारण देऊन बांबू आडवा टाकला. बांबूवर बसायची पाळी वाडीतल्या घरांना मिळते, त्या दिवसाची मजुरी मिळते. धोंडूकाकांच्या घराला पाळी नाही, कारण आग लावणारं घर. कुणी पैशांवरून कुरकुर केली की टेबलावरची पोरंसुद्धा त्या घराकडे हात करतात. ह्यांच्यामुळे झालं हे सगळं, म्हणतात.

आणि मी काय केलं? मी शुल्काविरुद्ध पेटून उठलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या याच. तो राग खोटा होता असं मात्र म्हणणार नाही. त्या तान्ह्या बाळाच्या आईचे पैसे घेताना पाहून माझं डोकं खरोखर फिरलं होतं, आजही फिरतं. पण खरा रागही लपायला कामाला येतो, हे मला माझ्यावरून कळलं. समितीवर जितका मोठ्याने ओरडायचो, तितकं कुणी माझ्याकडे पाहायचं नाही. सरकारवर, पावतीवर, फलकावर, पर्यटकांच्या बाटल्यांवर – सगळ्यांवर तोंडसुख घेतलं आणि स्वतः नामानिराळा.

अर्जाला यश आलं. गेल्या वर्षी समितीने वाडीच्या लोकांना आणि त्यांच्या लेकीबाळींना शुल्क माफ केलं. वाडीने देवळात माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पोरांच्या टाळ्या. मी भाषण केलं. हक्कावर बोललो. धोंडूकाका मागे खांबाला टेकून बसले होते. पुढे बसायला त्यांना कुणी बोलावलं नाही, मीसुद्धा नाही.

सगळे पांगल्यावर ते माझ्या गाडीपाशी आले. पाय आता ओढत चालतात. म्हणाले,

“साहेब, वाट सोडवलीत, लई चांगलं केलंत. आता एक अर्ज माज्या नावाचा लिवा. तुमी त्या दिवशी हुतात. मी राब इझवलेला, तुमाला ठाऊक हाय. तुमच्या सहीचा कागद तितं असंल, त्यात तुमी खरंच लिवलं असंल ना?”

त्यांनी तो कागद वाचलेलाच नव्हता. धूर शेताकडून आला हे मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा राहून बोललो होतो – ऐकलं नसेल? की ऐकून, मी धांदलीत चुकलो असेन, असं धरून चालले असतील इतकी वर्षं? मला माहीत नाही. विचारलं नाही.

“बघू,” म्हणालो मी.

“बघा,” ते म्हणाले. “सवडीनं बघा. मरायच्या आदी चुलतभावानं एकदा हाक मारली म्हंजे झालं.”

मी शाल घडी करून डिकीत ठेवली आणि गाडीला किक मारली. त्याला आता आठ महिने झाले. त्यानंतर मी दुसऱ्या दोन गावांसाठी शुल्कमाफीचे अर्ज लिहून दिले. काकांचा लिहिला नाही. काका आहेत, चुलतभाऊही आहे, दोघे अजून एकाच पाणवठ्यावर वेगवेगळ्या वेळी जातात.

आग माझ्या चुलीतून गेली. दगड मी फेकले. कागदावरची सही माझी आहे.