एका केबलवरच्या चार डिस्क

हेमलकशापलीकडच्या एका गावाची जुनी शीव मी एका म्हाताऱ्या बाईंबरोबर चाललो होतो. दोन दिवस त्या नाल्यांची नावं सांगत गेल्या, मी रेकॉर्ड करत गेलो. पुढे त्या वारल्या. वनहक्काच्या नकाशासाठी ग्रामसभेला ती नावं हवी होती. गावात ती सगळी कुणालाच सांगता येईनात. म्हणून त्यांची मुलगी चामोर्शीला माझ्याकडे आली.

रेकॉर्डिंग एका डब्यात होतं. आत चार हार्ड डिस्क, बाहेर एकच केबल. जुना कॉम्प्युटर जळाला होता. नव्यावर चारांपैकी एकच डिस्क दिसे, आणि रेकॉर्डिंग तर चारही डिस्कवर तुकड्यातुकड्यानं पसरलेलं. आम्ही सगळं उचलून बाजारातल्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेलं.

कॉम्प्युटर सुरू होताच पडद्यावर प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट करायची का? माझं बोट ‘हो’कडे गेलं. चाचांनी माउस ओढून घेतला.

“काऊन मारता तिले? डब्बा चांगला हाय, भाऊ. ही आतली पट्टी एका केबलवर चार डिस्क चालवते. पण समोरच्या कॉम्प्युटरलेबी चार मोजता आले पाह्यजे ना! तुमचा मास्तर पहिल्या पोराची हजेरी घेते, अन् रजिस्टर बंद.”

“मंग मास्तर बदला ना,” मुलगी म्हणाली.

चाचांनी खणातलं, डिस्क जोडायचं एक जुनं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं. तरी काही नाही.

“कार्डाले चार मोजता येते, पण तुमच्या सिस्टिमले हे कार्डच ओळखता येत नाई.”

मग त्यांनी पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरीच सिस्टिम सुरू केली. काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या. आधी पट्टी सापडल्याची ओळ. मग पहिली डिस्क. दुसरी. तिसरी. चौथी. बोटभर जाडीच्या त्या केबलकडे मी बघत राहिलो.

चारही डिस्कवरचे तुकडे जुळले आणि आवाज सुरू झाला. बाई प्रत्येक नाल्याशी आधी वाकून पाण्यात हात घालत, मगच नाव घेत. त्यामुळे आधी पाणी ऐकू येई, मग नाव. मुलगी सोबत आणलेल्या नकाशावर लिहीत होती. एका ठिकाणी पाणी वाजलं आणि तिचा पेन थांबला.

“हा आमच्या वावरामागचा हाय.”

मग आईनं त्याचं नाव घेतलं. मुलीला ते माहीत नव्हतं. तिनं ते हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं आणि नकाशावर लिहिलं.