माल हलला तरच जकात

रामकिसन आबा एकतीस वर्षं जकात नाक्यावर होते. शहरात माल शिरताना त्यावर कर घ्यायचा, हे त्यांचं काम. पैठण रस्त्याच्या नाक्यावर ट्रक थांबला की कागद नंतर, आधी मागच्या टायरला एक लाथ.

"पावतीवर चाळीस पोती, आत साठ."

"साहब, कसम से चालीस."

"मंग टायर खोटं बोलतंय व्हय रे?"

आणि गाडी बाजूला. नाका चुकवून शेतातल्या रस्त्यानं पळणाऱ्यांच्या मागं ते स्वतःच्या लूनावर जायचे. लूना ट्रकला गाठणार कशी? पण पुढं ओढ्यात ट्रक रुतलेला असायचाच. आबा काठावर लूना लावून बसायचे, पावतीपुस्तक मांडीवर. जकात बंद झाली, आबा रिटायर झाले. सवय तेवढी राहिली. आजही उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत भाजीचा गाडा शिरला की गेटवरून पुकारा होतो, "काय आनलंय? कुठून?"

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा अतुल बडोद्याहून आला. घर विकायचं आणि आबांनी व आईनं, सरूबाईंनी, तिकडं फ्लॅटमध्ये यायचं, हे त्यानं येतानाच ठरवून आणलं होतं. रविवारी गिऱ्हाईक बयाणा घेऊन येणार. बाकी होती फक्त आबांची सही.

"आबा, प्रॅक्टिकली बघा," अतुलनं लॅपटॉप ओसरीवर मांडला. त्याची दोन वाक्यं झाली की तिसऱ्यात प्रॅक्टिकली येतंच. "हा महाराष्ट्र, हा गुजरात. घर घेताना स्टँप ड्यूटी तिकडं कमी. गाडीचा टॅक्स कमी. पेट्रोल स्वस्त. रिटायर माणसानं जिथं टॅक्स कमी तिथं राहावं."

"दारूवर किती हाय?"

"तिकडं दारूबंदी आहे, आबा."

"मंग लिही की, शून्य."

"तुमी कवा पिली?" आतून सरूबाई.

"पीत नाय. पन शून्य बघून पोराला बरं वाटंल."

अतुलनं खाली सरकवलं. "हा प्रोफेशनल टॅक्स."

"तो पगारदाराला. पेन्शनवाल्याला कुठून आला?"

अतुलनं ती ओळ काढली.

"इन्कम टॅक्स?"

"तो सगळीकडं सारखाच."

"मंग ती बी वळ काढ. आता माझी स्कूटर. हितं तिचा टॅक्स भरून दहा वर्षं झाली. बडोद्याला कायमची नेली तर?"

"तिकडचा भरावा लागेल," अतुल जरा हळू बोलला.

"आन् स्टँप ड्यूटी तिकडं कमी, म्हंजी किती?"

"इथल्यापेक्षा बरीच कमी."

"आन् घर घेतलंच नाय तर?"

अतुलनं तीही ओळ काढली.

"एकतीस वर्षं हेच केलं मी. माल हलला तरच जकात. जाग्यावरच्या पोत्याला कुनी पावती फाडत नाय. मी जाग्यावरचं पोतं हाय, अतुल."

"लई जड पोतं," सरूबाई म्हणाल्या. "आन् मला इचारलं का कुनी? मी बी नाय येत."

रविवारी एजंट आला, मागं गिऱ्हाईक, हातात जाड पाकीट.

"सलाम चचा. पार्टी एकदम पक्की है. बयाना लेके आई है."

"कुठून आली?"

"छावनी से."

"पाकिटात काय हाय?"

"बयाना, चचा. बोल्या ना मैं."

"आत सोडायचा नाय. परत न्या."

"चचा, ऐसा नक्को करो. अतुलभाई ने जबान दी है."

"त्याची जबान बडोद्याची हाय. घर हितलं, माझ्या नावावर."

पार्टी निघून गेली. अतुल पायरीवर बसला. बोलला तेव्हा त्यात प्रॅक्टिकली नव्हतं.

"मागच्या वर्षी आई पडली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. टॅक्स-बिक्स सोडा आबा, मला रात्री झोप येत नाही."

आबांनी लॅपटॉप मिटून त्याच्याकडं सरकवला. "हे आधी बोलायचं. एवढं गुजरात कशाला फिरवून आनलं मला?"

"मग येता?"

"नाय. पडलो तर त्याच दिवशी फोन करीन. तू यायचं. तुला हितं यायला कुनाचा टॅक्स नाय."

सोमवारी सकाळी आबांनी अतुललाच गाडी काढायला लावली आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन वर्षाची घरपट्टी एकदम भरली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "एवढ्या लवकर? घर विकायचंय का, काका? वारसाचं नाव लावायचंय?"

अतुलनं आबांकडं पाहिलं.

"नाय, बाई," आबा म्हणाले. "मालक उभाय तुमच्यासमोर. पावती माझ्याच नावानं फाडा."