कंपासदादा

माझ्या चुलतभावाने कधी कुणाला डावीकडे किंवा उजवीकडे जायला सांगितलं नाही. दासगावात कुणी पाहुणा पत्ता विचारू लागला की तो म्हणायचा, "सरळ उत्तरेला जा, पिंपळ लागला की पूर्वेला वळ." पाहुणा बावळटासारखा आभाळाकडे बघायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, लोकांना समजेल असं सांग ना." तो म्हणाला, "डावं-उजवं आपल्याबरोबर फिरतं गो. उत्तर जाग्यावर राहते." गावाने त्याचं नाव कंपास ठेवलं. मी कंपासदादा म्हणायचे.

दासगावाहून रोज पायी महाडला शाळेत जाऊन तो शिकला आणि हवाई दलात लागला. बॉम्बफेकी विमानात तो नॅव्हिगेटर होता. गावाला वाटायचं, विमानात आहे म्हणजे तो चालवतच असणार. "चालवणारा दुसरा हाय," तो न कंटाळता सांगायचा. "कुठं चाललोय ते मी सांगतो." हे ऐकून लोकांचे चेहरे पडायचे. आम्हाला ड्रायव्हर हवा होता आणि हा कंडक्टर निघाला, असं आमचे एक पुढारी चारचौघांत म्हणाले होते. त्या पुढाऱ्यांचं नाव मी लिहीत नाही. दादाच्या शेजारी ते नको.

पासष्टच्या लढाईनंतर दादा सुट्टीवर आला, तेव्हा ओटीवर माणसं मावत नव्हती. पुढारी पुढे सरकून म्हणाले, "मग, किती उडवलेस? आकडा सांग." बाकीचे हसले आणि सरसावून बसले. दादाच्या हातात पेजेचा वाडगा होता. तो त्याने खाली ठेवला. "मोजायला मी खाली उतरलो नव्हतो," एवढं म्हणून तो उठला आणि परड्यात गेला. मी मागोमाग गेले, तर तो फणसाच्या बुंध्याला धरून ओकत होता.

तोंड धुऊन झाल्यावर तो माझ्याशी बोलला. मी तेव्हा बारा वर्षांची. मला का सांगितलं, कोण जाणे. कदाचित आकडा विचारणार नाही असं घरात तेवढंच एक माणूस असेल. "बॉम्ब टाकताना मी विमानाच्या नाकात पोटावर झोपतो," तो म्हणाला. "खाली ठिणग्या दिसतात, तेवढंच. परत आलो की गरम जेवण असतं. आणि मला भूक लागलेली असते गो. सडकून भूक. त्याचीच किळस येते."

"मग सोडत का नाहीस?" काकीने, म्हणजे त्याच्या आईने, माझ्याकडून हे कळल्यावर एकदा विचारलं.

"मी सोडलं तर दुसरा कोणतरी झोपेल तिथं," तो म्हणाला, आणि परत गेला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. विमान परतलं नव्हतं, दादा बेपत्ता होता. काकी विधवा, तिला हा एकच मुलगा. तिने तार माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, "हरवलाय म्हणतायत ना? मग शोधतील."

पुढाऱ्यांना तेवढा धीर नव्हता. मंत्री दौऱ्यावर येणार होते आणि त्यांना दाखवायला गावाला हुतात्मा हवा होता. "कार्य उरकून घ्या," असं सांगायला ते घरी आले. "म्हणजे सभेत साहेबांच्या हस्ते तुमचा सत्कार करता येईल."

"माझा पोर बेपत्ता हाय," काकी म्हणाली. "मेला नाय."

ते गेले, पण जाताना पेपरात छापायचा म्हणून भिंतीवरचा दादाचा फोटो मागून नेला. तो आम्हाला पुन्हा दिसला तो सभेच्या मंचावर. फोटोला हार होता, पुढे उदबत्त्या जळत होत्या. काकी गर्दीतून वर चढली. तिने हार काढून मंत्र्यांच्या पुढ्यात ठेवला, फोटो पदराखाली घेतला आणि खाली उतरली. पुढाऱ्यांनी माईकवरून सांगितलं, पुत्रशोकाने माऊलीचं भान हरपलं आहे. सगळी सभा चुकचुकली. तो आवाज आठवला की आजही शिसारी येते.

वर्षभराने दादाचा पायलट कैदेतून सुटला आणि एसटीने दासगावला आला. उत्तरेकडचा होता, दादाच्याच वयाचा, एक पाय ओढत चालायचा. तो हिंदीत सांगत होता आणि मी काकीला मराठीत. परतताना विमानाला तोफेचा मार बसला आणि आग लागली. दादाने त्याला घरची दिशा सांगितली, पण विमान तेवढं टिकणार नव्हतं. मग दादा म्हणाला, तू निघ. पायलटची खुर्ची कळ ओढली की माणसासकट बाहेर फेकली जायची. दादाच्या खुर्चीला ती सोय नव्हती. त्याने छातीला पॅराशूट अडकवून, सरपटत दारापर्यंत जाऊन, दार उघडून उडी मारायची होती. दार अडकलं होतं.

"तो दाराला लाथा मारत होता, ते मला ऐकू येत होतं," पायलट म्हणाला. "मग मी कळ ओढली."

काकीला समजायला वेळ लागला. "एकाच विमानात?" तिने मला विचारलं. "एकाला हाय नि एकाला नाय?"

मी विचारलं. पायलट मान खाली घालून म्हणाला, "हो, माँजी. बनवणाऱ्यांनीच तसं बनवलं होतं."

काकी उठली आणि तिने त्याला भात आणि माशाचं कालवण वाढलं. तो जेवला. दोनदा भात मागून घेतला. त्याच्या हलणाऱ्या जबड्याची मला इतकी घृणा वाटली की मी बाहेर निघून गेले. दादाने सांगितलेली ती भूक मला तेव्हा आठवायला हवी होती. आठवली नाही. तो गेल्यावर काकीने कार्य केलं. पुढाऱ्यांना बोलावलं नाही.

आता काकी नाही आणि ते पुढारीही नाहीत. नाक्यावर दादाचं स्मारक आहे, आणि पुढाऱ्यांचा मुलगा तिथे दरवर्षी कार्यक्रम करतो. फ्लेक्सवर दादामागे आजकालचं कुठलंतरी लढाऊ विमान असतं, आणि दादापेक्षा त्या मुलाचा चेहरा मोठा असतो. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली बहीण या नात्याने मला पहिल्या रांगेत बसवतात. यंदा त्याने भाषणात सांगितलं की दादाने हसत हसत मृत्यूला मिठी मारली. मग माईक माझ्याकडे देत म्हणाला, "बाई, दोन शब्द बोला. मुलांना स्फूर्ती मिळेल असं काहीतरी."

"माझ्या भावाला मरायचं नव्हतं," मी म्हणाले. "तो शेवटपर्यंत दार उघडत होता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.